फोल्डरमधल्या फाइली तारखेने आणि आकाराने लावताना

ज्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे, त्यावर रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप एका फोल्डरमध्ये जमा होतो. त्या फोल्डरला रोज तेच प्रश्न विचारावे लागतात: सर्वांत ताजी फाइल कोणती, सर्वांत जास्त जागा कोणती खाते आणि कोणती आता काढून टाकता येईल. तिन्ही प्रश्नांची उत्तरे फाइली तारखेने किंवा आकाराने लावल्या की मिळतात, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत हे काम जेमतेम चार ओळींचे आहे. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते चार ओळींत उरकले जाते आणि त्यावर पुन्हा विचार होत नाही. माझा अनुभव असा आहे की क्रम लावण्याचे काम भाषेने आपल्यासाठी केव्हाच सोपे करून ठेवले आहे. आपल्याला ठरवायचे असते ते हे, की क्रम कोणत्या आकड्यावर लावायचा आणि तो आकडा केव्हा वाचायचा.

सुरुवात यादीपासून करावी लागते. पायथॉनचे ओएस डॉट लिस्टडिर हे फंक्शन फोल्डरमधल्या फाइलींची नावे ज्या क्रमाने देते, त्या क्रमाची कोणतीही हमी भाषा देत नाही, आणि हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीवर, ही नावे सहसा वर्णानुक्रमाने येतात, कारण तिथे फोल्डरची नोंदच मुळात लावलेल्या स्वरूपात ठेवलेली असते. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टमवर मात्र ती नावाच्या हॅशनुसार, म्हणजे नावावरून गणिताने काढलेल्या आकड्यानुसार, येतात आणि पाहणाऱ्याला पूर्णपणे विस्कळीत दिसतात. विंडोजच्या लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्रॅम 'यादीतली शेवटची फाइल म्हणजे ताजी फाइल' असे गृहीत धरून महिनोन्महिने बरोबर उत्तर देतो, कारण नावात तारीख असते. तोच प्रोग्रॅम लिनक्सच्या सर्व्हरवर गेला की भलतीच फाइल उचलतो, आणि ती उचलताना कुठलीही चूक दाखवत नाही. यादी कुठूनही आली असली तरी ती आपण स्वतः लावायची, हा नियम मी कधीही सोडत नाही.

आता तारखेचा मुद्दा. फाइलीला एक तारीख नसते, अनेक असतात. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक फाइलीमागे तीन वेळा नोंदलेल्या असतात: मजकूर शेवटचा कधी बदलला ती एमटाइम, फाइल शेवटची कधी वाचली ती एटाइम, आणि फाइलीविषयीची माहिती, म्हणजे परवानग्या, मालक, दुवे इत्यादी, शेवटची कधी बदलली ती सीटाइम. या शेवटच्या नावाने फार घोटाळा केला आहे. त्यातला 'सी' पाहून अनेक जण ती फाइल तयार झाल्याची वेळ समजतात. लिनक्सवर तसे नाही. तिथे एखाद्या दहा वर्षे जुन्या फाइलीची नुसती परवानगी बदलली, तरी तिची सीटाइम आजची होते. विंडोजवर मात्र पायथॉन त्याच नावाखाली खरोखरच फाइल तयार झाल्याची वेळ देत आले आहे. म्हणजे एकच ओळ दोन यंत्रांवर दोन वेगळ्या गोष्टी सांगते. पायथॉन ३.१२ पासून विंडोजवरचा हा अर्थ कालबाह्य ठरवला गेला आहे आणि त्याऐवजी बर्थटाइम, म्हणजे जन्मवेळ, वापरावी असे सांगितले जाते. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. लिनक्सवर एक्स्ट४ ही जन्मवेळ डिस्कवर साठवते आणि २०१७ मध्ये आलेल्या कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.११ पासून स्टॅटएक्स या कॉलने ती विचारताही येते. पण पायथॉनमध्ये फाइलीची माहिती विचारणाऱ्या ओएस डॉट स्टॅट या नेहमीच्या वाटेने लिनक्सवर ती हाती येत नाही.

एटाइमच्या नादी लागू नये. प्रत्येक वाचनाबरोबर डिस्कवर लिहावे लागणे महाग पडते, म्हणून लिनक्सवर २००९ पासून ती नोंद सवलतीने, म्हणजे काही अटी पूर्ण झाल्या तरच, ताजी केली जाते. 'वर्षभर कोणी न उघडलेल्या फाइली' शोधून देणारा प्रोग्रॅम या नोंदीवर उभा करणे धोक्याचे आहे.

राहते ती एमटाइम, आणि रोजच्या कामाला बहुधा तीच योग्य असते. पण फाइलीची नक्कल झाली की तिचेही वागणे बदलते. लिनक्सवर सीपी आज्ञा साधी वापरली तर नकलेला नक्कल केल्याची वेळ मिळते. '-पी' हा पर्याय दिला तरच मूळ वेळ टिकते. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये नक्कल केली की बदलाची वेळ मूळचीच राहते आणि तयार झाल्याची वेळ मात्र नवी लागते, त्यामुळे ज्या फाइलीत ती जन्माला येण्याआधीच बदल झाला होता, अशी फाइल तिथे नेहमी पाहायला मिळते. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट तर फाइलींच्या वेळा साठवतच नाही. गिटमध्ये ठेवलेले एखादे भांडार, म्हणजे प्रकल्पाचे फोल्डर, नव्याने उतरवले की त्यातल्या सगळ्या फाइलींची वेळ त्या क्षणाची असते, आणि त्या फोल्डरमध्ये 'अलीकडे बदललेल्या फाइली वर' असा क्रम लावणे निरर्थक ठरते. त्यासाठी गिटच्या इतिहासालाच विचारावे लागते. त्यामुळे कोणी मला 'फाइली तारखेने लावून दे' असे सांगितले, तर मी आधी विचारते की या फाइली इथवर कशा आल्या. त्या प्रश्नाच्या उत्तरातच तारखेची निवड दडलेली असते.

छायाचित्रांच्या बाबतीत तर एमटाइमवर अजिबात विसंबू नये. घरातल्या लग्नाचे फोटो दोन कॅमेऱ्यांतून आणि चारचौघांच्या मोबाइलांतून एका फोल्डरमध्ये गोळा केले की एमटाइम बहुतेक वेळा उतरवल्याची किंवा पाठवल्याची वेळ सांगते. फोटो काढल्याची वेळ फाइलीच्या आत, कॅमेऱ्याने लिहिलेल्या एक्झिफ नोंदीत असते. ती वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशा क्रमाने आणि ठरावीक अंकांत लिहिलेली असल्यामुळे तिला तारखेत न बदलता, नुसता मजकूर म्हणून लावले तरी क्रम बरोबर लागतो. मात्र त्या मूळ नोंदीत टाइम झोन नसतो. तो लिहिण्याची सोय एक्झिफच्या प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) २०१६ साली आली. परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या कॅमेऱ्याचे घड्याळ त्यांच्या घरच्या वेळेवरच असेल, तर सगळ्यांचे फोटो एकत्र लावल्यावर अक्षता आधी पडतात आणि सीमांतपूजन नंतर होते. अशा वेळी एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंना ठरावीक तासांचा फरक लावून मगच सगळे एकत्र लावावे. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रांत एक्झिफ नोंद उरत नाही. अँड्रॉइडवर त्यांच्या नावात तारीख असते, पण ती व्हॉट्सॲपवरची असते, फोटो काढल्याची नव्हे.

तारखेची निवड झाली की प्रश्न येतो तो आकडा केव्हा वाचायचा याचा, आणि या विषयातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पायथॉनच्या सॉर्टेड या क्रम लावणाऱ्या फंक्शनला 'की' नावाचे एक आर्ग्युमेंट देता येते, म्हणजे क्रम कशावर लावायचा ते सांगता येते. तिथे ओएस डॉट पाथ डॉट गेटएमटाइम लिहिले की काम होते, आणि 'रिव्हर्स' खरे केले की ताजी फाइल वर येते. यातली खरी खुबी अशी की 'की' प्रत्येक फाइलीसाठी एकदाच काढली जाते, आणि पुढची सगळी तुलना त्या काढून ठेवलेल्या आकड्यांमध्ये होते. जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत पुष्कळ ठिकाणी याच कामासाठी तुलना करणारे फंक्शन लिहिलेले आढळते, आणि ते प्रत्येक तुलनेच्या वेळी दोन्ही फाइलींची लास्टमॉडिफाइड, म्हणजे बदलाची वेळ, नव्याने विचारते. दहा हजार फाइली असतील तर तुलना साधारण सव्वा लाखाच्या घरात होतात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमला अडीच लाख वेळा विचारणा होते. एकदाच वाचून ठेवले असते तर तेच काम दहा हजार विचारणांत झाले असते. फोल्डर नेटवर्कवर असेल तर हा फरक सेकंद आणि मिनिटे यांच्यातला फरक असतो.

वेळ वाया जाणे हा यातला लहान दोष आहे. मोठा दोष असा की क्रम लावणे चालू असताना एखाद्या फाइलीत कोणी लिहीत असेल, तर तिची वेळ मध्येच बदलते. थोड्या वेळापूर्वी जी फाइल शेजारच्या फाइलीपेक्षा जुनी होती, तीच आता नवी ठरते, आणि क्रम लावणारे गणित ज्या सुसंगतीवर उभे असते ती सुसंगतीच मोडते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी रचलेली टिमसॉर्ट ही पद्धत जावाने सातव्या आवृत्तीपासून वस्तूंच्या (ऑब्जेक्टच्या) याद्या लावण्यासाठी स्वीकारली. तेव्हापासून अशी विसंगती लक्षात आली तर जावा 'तुलनेच्या पद्धतीने सर्वसाधारण करार मोडला आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. हा संदेश लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, पाहिला की लोक तुलनेच्या ओळीत चूक शोधत बसतात; ओळ बरोबर असते, खालची जमीन हललेली असते. लॉगचे फोल्डर, जिथे सतत लिहिले जाते, तिथे हे हमखास घडते. उपाय सरळ आहे: आधी सगळ्या फाइलींच्या वेळा वाचून एका यादीत ठेवाव्यात आणि मग त्या यादीचा क्रम लावावा.

जावातल्याच एका जुन्या ओळीचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण ती आजही उतरवून घेतली जाते. दोन फाइलींच्या वेळांची वजाबाकी करायची आणि उत्तर इंट या मर्यादित पूर्णांकाच्या प्रकारात बसवून परत द्यायचे, अशी ती ओळ आहे. वेळ मिलिसेकंदांत असते आणि इंटमध्ये जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ एवढा आकडा मावतो. तेवढ्या मिलिसेकंदांचे दिवस केले तर ते पंचविसाला थोडे कमी पडतात. आता १ जूनची एक फाइल आणि १ जुलैची एक फाइल घेऊ. त्यांच्यातला फरक ३० दिवसांचा, म्हणजे २५९,२०,००,००० मिलिसेकंदांचा. हा आकडा इंटमध्ये कोंबला की तो उणे १७०,२९,६७,२९६ होतो, आणि चिन्ह उलटल्यामुळे जुलैची फाइल जूनच्या फाइलीपेक्षा जुनी ठरते. चाचणीसाठी बनवलेल्या फाइली त्याच आठवड्यातल्या असतात, त्यामुळे चाचणीत सगळे ठीक दिसते. प्रोग्रॅम प्रत्यक्ष कामाला लागून महिना होत आला की क्रम बिघडू लागतो. वजाबाकी न करता लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकाराची थेट तुलना करणारी सोय जावात आहे, तीच वापरावी.

आकडे वाचण्यासाठी पायथॉनमध्ये मी लिस्टडिरऐवजी स्कॅनडिर वापरते. ते ३.५ या आवृत्तीत आले आणि नावाबरोबर प्रत्येक नोंदीची एक वस्तू देते. ती फाइल आहे की फोल्डर, हे त्या वस्तूला विचारले तर बहुधा डिस्कवर पुन्हा जावे लागत नाही. विंडोजवर तर आकार आणि वेळाही यादीबरोबरच आलेल्या असतात. लिनक्सवर त्यांच्यासाठी प्रत्येक फाइलीला एक विचारणा करावीच लागते, पण एकाच स्टॅट कॉलमध्ये वेळ आणि आकार दोन्ही मिळतात, तेव्हा ते दोन वेगळ्या फंक्शनांनी दोनदा मागू नयेत. यादी मिळाल्यावर आणि स्टॅट करण्याआधी फाइल नाहीशी होऊ शकते; तुटका सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) असेल तर तो यादीत दिसतो, पण त्यामागची फाइल नसते. या दोन्ही प्रसंगी एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणारी चूक, येते आणि एका फाइलीपायी संपूर्ण प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून स्टॅटचा कॉल ट्राय या चूक पकडणाऱ्या रचनेच्या आत ठेवून, 'फाइल सापडली नाही' एवढेच एक्सेप्शन पकडून ती नोंद वगळावी. सगळीच एक्सेप्शन गिळणारे एक्सेप्ट तिथे लिहू नये, कारण परवानगी नसलेली फाइल गुपचूप वगळली गेली तर यादी अपुरी आहे हे कोणालाच कळणार नाही.

आकाराचा मामला तारखेपेक्षा साधा वाटतो, पण तिथेही एकच आकडा नसतो. स्टॅटच्या उत्तरातला एसटी साइझ हा फाइलीत किती बाइट मजकूर आहे ते सांगतो. ती डिस्कवर किती जागा अडवते ते सांगत नाही. डिस्क ठोकळ्यांत वाटलेली असते, आणि ठोकळा ४,०९६ बाइटचा असेल तर शंभर बाइटची फाइलही सहसा तेवढी जागा घेते. उलट बाजूने पाहिले तर व्हर्च्युअल मशीनची (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाची) डिस्क-फाइल शेकडो जीबीची दिसते आणि प्रत्यक्षात तिने त्यातला लहानसा भागच व्यापलेला असतो, कारण मधली रिकामी जागा डिस्कवर लिहिलेलीच नसते. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये तर पूर्ण आकार दिसणारी फाइल आपल्या यंत्रावर मुळी उतरलेलीच नसते. जागा मोकळी करण्याच्या हेतूने क्रम लावायचा असेल, तर लिनक्सवर स्टॅटमधल्या एसटी ब्लॉक्स या आकड्याला ५१२ ने गुणून येणारे उत्तर वापरावे. फाइल ईमेलने जाईल की नाही हे पाहायचे असेल, तर एसटी साइझच बरोबर. फोल्डरला स्टॅट करून मिळणारा आकार हा त्याच्या आतल्या फाइलींचा नसतो, फक्त फोल्डरच्या स्वतःच्या नोंदीचा असतो. तो एक्स्ट४ वर बहुधा ४,०९६ एवढाच येतो. आतली बेरीज हवी असेल तर आत उतरून ती करावी लागते.

आकार माणसाला वाचता येईल असा दाखवायचा असतो, पण क्रम लावून झाल्यावर. '९.८ एमबी' आणि '१०.२ एमबी' हे मजकूर म्हणून लावले की दुसरा आधी येतो, कारण एक हा अंक नऊच्या आधी आहे. लिनक्सच्या सॉर्ट आज्ञेला यासाठी '-एच' हा खास पर्याय आहे आणि व्यापलेली जागा सांगणाऱ्या डीयू आज्ञेच्या उत्तराला तो फार उपयोगी पडतो; पण आपल्या प्रोग्रॅममध्ये अशी वेळ येऊच देऊ नये. तारखेचेही तसेच आहे. दिवस आधी लिहिण्याची आपली सवय वाचायला सोयीची आहे, पण '०२-०१-२०२४' हा मजकूर '०३-१२-२०२३' च्या आधी लागतो. नावात तारीख घालायची झाली तर वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आणि शून्ये भरून घालावी; मग कुठलाही प्रोग्रॅम न लिहिता साधा वर्णानुक्रमही कालानुक्रम होतो.

बरोबरी झाल्यास काय, हेही ठरवून ठेवावे लागते. पेन ड्राइव्हवर आढळणाऱ्या फॅट३२ मध्ये बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे झटपट लिहिल्या गेलेल्या अनेक फाइलींची वेळ तंतोतंत सारखी निघते. पायथॉनचा सॉर्ट स्थिर आहे, म्हणजे बरोबरीत असलेल्यांचा मूळ क्रम तो मोडत नाही. पण मूळ क्रमच भरवशाचा नसल्याचे वर आलेच आहे. म्हणून 'की' म्हणून नुसती वेळ न देता वेळ आणि नाव यांची जोडी द्यावी. मोठी फाइल वर आणि बरोबरीत नाव वर्णानुक्रमाने, असे हवे असेल तर जोडीतल्या आकाराला उणे चिन्ह लावावे. तिथे 'रिव्हर्स' वापरले तर नावांचा क्रमही उलटतो. याच्या अगदी उलट, आधुनिक फाइल सिस्टमवर वेळ नॅनोसेकंदांत असते आणि पायथॉनची नेहमीची एमटाइम दशांश संख्या असल्यामुळे तिच्यात ते सगळे अंक मावत नाहीत. लागोपाठ लिहिलेल्या फाइलींचा क्रम काटेकोर हवा असेल तर ३.३ पासून उपलब्ध असलेली एमटाइम एनएस, जी पूर्णांकात असते, ती घ्यावी.

हे सगळे मी ज्या कामासाठी रोज वापरते, ते जुने बॅकअप काढून टाकण्याचे काम आहे. 'ताजे सात ठेवा, बाकीचे काढा' हा नियम सर्वत्र दिसतो. फाइली एमटाइमने उतरत्या क्रमाने लावायच्या, पहिल्या सात सोडायच्या आणि उरलेल्या काढायच्या. एखाद्या रात्री डेटाबेसशी जोडणी झाली नाही, तर बॅकअपची फाइल तयार होते पण शून्य बाइटची राहते. तारखेच्या दृष्टीने तीच सर्वांत ताजी. ही बिघाडाची स्थिती तशीच राहिली तर रोज एक रिकामी फाइल वर येते, रोज एक चांगली फाइल खालून काढली जाते, आणि सातव्या रात्री फोल्डरमध्ये सात रिकाम्या फाइली उरतात. प्रोग्रॅमने प्रत्येक रात्री सांगितलेले काम चोख केलेले असते.

म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये तारीख आणि आकार दोघांनाही एकत्र बसवलेले आहे. आधी शून्य बाइटच्या फाइली मोजणीतून बाहेर काढल्या जातात. उरलेल्या फाइली नावातल्या तारखेने लावल्या जातात, एमटाइमने नव्हे, कारण बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हलवला की एमटाइमची खात्री राहत नाही. मग सर्वांत ताज्या फाइलीचा आकार तिच्या आधीच्या फाइलीशी ताडला जातो, आणि तो निम्म्याहून कमी भरला तर स्क्रिप्ट काहीही न काढता थांबते आणि मला निरोप पाठवते. निम्म्याची ही रेषा माझ्या डेटाबेसच्या चालीवरून घेतलेली आहे. ज्यांचा डेटा दर महिन्याला छाटला जातो, त्यांना ती वेगळी आखावी लागेल. काढायच्या फाइलींची यादी, प्रत्येकीची तारीख आणि बाइटमधला आकार, आधी लॉगमध्ये लिहिली जाते आणि त्यानंतरच काढण्याची ओळ चालते.